वेळासची टोपली : एका कासव महोत्सवाचं प्रकरण

वेळासच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सहा वाजता दोरीमागे दीड-दोनशे माणसं उभी होती आणि टोपलीखाली तीन पिल्लं निघाली.

पुण्याहून रात्रभर बसने आलेला एक ग्रुप होता, मुंबईची कुटुंबं होती, हातभर लांब लेन्सवाले चार-पाच जण होते. कासवमित्राने, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या गावातल्या माणसाने, टोपली उचलली, वाळूत बोटं घालून चाचपलं, आणि तिन्ही पिल्लं एकेक करून कोरड्या वाळूवर ठेवली. एका तळहातात दोन सहज मावतील एवढी, काळपट-करडी, पाठीवर वाळू चिकटलेली. पहिलं लगेच सुटलं. दुसरं जरा रेंगाळलं आणि मग त्याच्या मागे गेलं. तिसरं एका उथळ खळग्यात पडलं, चढलं, परत पडलं. माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, ‘‘तीनच?’’ कासवमित्राने मान वर न करता उत्तर दिलं, ‘‘काल एक पण नव्हतं, ताई.’’

तिसऱ्या पिल्लाला पाण्यापर्यंत पोचायला बारा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो. लाटेने त्याला दोनदा मागे फेकलं, तिसऱ्यांदा आत ओढून घेतलं. तेवढा वेळ दीड-दोनशे माणसं जवळजवळ गप्प होती. नंतर लोकांनी चपला शोधल्या आणि अंधार पडायच्या आत सुरूच्या बनातून गावाकडे चालू लागले.

पर्यावरणाच्या नावाने होणारे बरेच कार्यक्रम मी आयोजकांच्या बाजूने पाहिले आहेत. पाच जूनचं वृक्षारोपण, ज्यात पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप लागतं. किनारा स्वच्छता मोहीम, ज्यात टोप्या-टीशर्टचं बिल गोळा झालेल्या कचऱ्यापेक्षा जड असतं. अशा कार्यक्रमांत ‘आज काही दिसेल का’ हा प्रश्नच येत नाही, कारण दिसायचं ते आदल्या दिवशी टेम्पोतून आलेलं असतं. वेळासला मुख्य पाहुणाच बेभरवशाचा, आणि तरी हा महोत्सव २००६ पासून चालत आला आहे. या प्रकरणात मला रस वाटतो तो याचमुळे.

गाव आणि रिकाम्या खोल्या

वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात. सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा; समोरच्या अंगाला हरिहरेश्वर, अलीकडे बाणकोटचा किल्ला. पुण्याकडून येणारे बरेच जण ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळा करत बागमांडल्याला पोचतात आणि फेरीबोटीत गाडी घालून वेशवीला उतरतात. इतिहासाच्या पुस्तकात वेळास येतं ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून. एरवी कोकणातल्या कुठल्याही गावासारखंच: जांभ्याची घरं, नारळ-पोफळीच्या वाड्या, पाटाचं पाणी, देऊळ, आणि गावाबाहेर थोडं चालून गेलं की समुद्र.

कोकणातल्या कुठल्याही गावासारखंच म्हणताना आणखी एक गोष्ट त्यात आलीच. घरात दोन म्हातारी माणसं आणि मुंबईतल्या मुलांसाठी राखलेल्या खोल्या. गणपतीत आणि मे महिन्यात त्या भरतात, शिमग्याला पालखीपुरत्या उघडतात. बाकी वर्षभर तिथे गाद्यांची वळकटी, पाट, जुना पंखा आणि पत्र्याची पेटी. वेळासच्या महोत्सवाचं भांडवल म्हणजे या खोल्या, असं माझं मत आहे. कासवांच्या पिल्लांचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत येतो, म्हणजे चाकरमानी नसतात नेमका तेव्हा. मधे शिमगा आला की घरची माणसं पालखीच्या मागे आणि पाहुणे चहाची वाट बघत, एवढी ओढाताण होते. पण कॅलेंडरं एरवी छान जुळतात. हा हंगाम मे महिन्यात असता, तर पाहुण्यांना निजवायला जागाच नसती आणि ही गोष्ट फार तर एका संस्थेच्या अहवालात उरली असती.

गरुडाच्या मागे गेले, अंडी सापडली

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि तिचे विश्वास तथा भाऊ काटदरे यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. २००२ मध्ये ही मंडळी किनारपट्टीवर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी शोधत हिंडत होती. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची फुटकी टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की इथे कासवं अंडी घालायला येतात, आणि अंडी कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी माणसंच काढून नेतात, काही खायला, काही विकायला.

यात कोणाला गुन्हा केल्यासारखं वाटत नव्हतं. कोंबडीची अंडी गोठ्यात सापडतात तशी ही वाळूत सापडायची. देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा आणि किनाऱ्यावर मिळालेलं घरटं उकरायचं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कोणी जोडून पाहिलेलं नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत सागरी कासवं आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. कागदावर अंडं उचलणं हा गंभीर गुन्हा होता आणि वाळूत ते रोजचं होतं.

किनाऱ्यावर येणारं हे कासव बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीचं. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येला ही कासवं एकाच आठवड्यात लाखांनी येतात. २०२५ च्या फेब्रुवारीत एकट्या ऋषिकुल्येला जवळपास ७ लाख माद्यांची नोंद झाली. कोकणात तसं नाही. इथे मादी एकटी येते, रात्री, एखाद्या किलोमीटरच्या पट्ट्यात महिन्यातून दोन-चार. ओडिशात अंड्यांचा एवढा पाऊस पडतो की कोल्ह्या-कुत्र्यांनी कितीही खाल्ली तरी काही उरतात. कोकणात एक घरटं गेलं म्हणजे शंभरच्या वर अंडी गेली, आणि त्या रात्रीपुरतं सगळंच गेलं. त्यामुळे ‘किनारा राखा, बाकी निसर्ग बघून घेईल’ हे धोरण इथे चालण्यासारखं नव्हतं. घरटी उचलून एका कुंपणात आणणं भाग होतं, आणि ते करायला रोज पहाटे कोणीतरी किनाऱ्यावर असणं भाग होतं. चिपळूणहून रोज कोण येणार? गावातलीच माणसं लागणार होती, आणि किनाऱ्यावरच्या खुणा ज्यांना वाचता येत होत्या त्यांत अंडी काढण्यात तरबेज असलेलेही आले.

चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या, असं याचं वर्णन कोणी करील. मला ते पटत नाही. वाळूवरचा माग पाहून मादी वर आली की परत गेली, खड्डा खरा की पोकळ, हे ज्याला कळतं त्याचं ज्ञान त्याला अंडी विकायला जेवढं उपयोगी, तेवढंच जपायलाही. ज्ञान तेच राहिलं, फक्त त्याला मानधन मिळू लागलं. पुढे या माणसांना ‘कासवमित्र’ हे नाव पडलं आणि आता ते सगळ्या किनाऱ्यावर रुळलं आहे.

पहाटेचं काम

मादी वाळू उकरून मडक्यासारखा खड्डा करते, वर गळा अरुंद, खाली पोट मोठं, खोली दीड फुटाच्या आसपास. अंडी घालून झाली की वाळू लोटते आणि स्वतःच्या अंगाने आपटून-आपटून दाबते. साधारण तासाभराचं काम. मग ती जाते आणि त्या अंड्यांकडे पुन्हा कधी फिरकत नाही. मागे राहतो तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग.

कासवमित्र उजाडायच्या आत निघतो, कारण कुत्रीही तेव्हाच निघतात. माग संपतो तिथे तो बारीक काठी हलकेच खुपसून पाहतो. घट्ट वाळूत काठी अडते, घरट्यावर अलगद आत जाते. मग हाताने उकरायचं. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण कवच कडक नाही, दाबलं तर खड्डा पडेल असं. ती मोजायची, घरट्यातली थोडी ओली वाळूही बरोबर घ्यायची, आणि हे सगळं पहिल्या काही तासांतच उरकायचं. उशीर झाला की आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटतो, आणि मग अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून अंडं उचललं तसंच, न फिरवता ठेवायचं. भरतीची रेषा जिथवर येत नाही तिथे जाळीचं कुंपण असतं; त्यात तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी पुरायची आणि वर पाटी लावायची: घरटं क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या.

पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू गरम असेल तर लवकर, थंड असेल तर उशिरा. आतलं पिल्लू नर होणार की मादी हेही वाळूचं तापमानच ठरवतं. तीस अंशांच्या आसपास काटा असतो, त्याच्या वर गेलं की माद्या जास्त. कुंपण उन्हात आहे की सुरूच्या सावलीला, हा प्रश्न म्हणूनच वरवर दिसतो तेवढा साधा नाही. दिवस भरत आले की घरट्यावर बांबूची टोपली पालथी घालतात, म्हणजे रात्री वर आलेली पिल्लं इकडेतिकडे पांगत नाहीत आणि घारी-कावळ्यांच्या, खेकड्यांच्या तोंडीही पडत नाहीत.

या टोपलीकडे परत यायचं आहे.

पैसा कोणत्या दाराने आला

संवर्धनाचं काम सुरू झालं तेव्हा पैसा संस्थेचा होता. देणगीवरचं काम देणगी संपली की संपतं, हे भाऊ काटदऱ्यांसारख्या अनुभवी माणसाला सांगायला नको होतं. २००६ मध्ये पहिला कासव महोत्सव झाला. कल्पना अशी की पिल्लं समुद्रात जाताना पाहायला शहरातली माणसं येतील, गावातल्या घरांत उतरतील, जेवतील, आणि त्याचे पैसे त्या-त्या घराला मिळतील.

वाचताना हे अगदी सरळ वाटतं. पण त्या वेळी यापेक्षा सोपे पर्याय समोर होते. किनाऱ्यावर तिकीट लावता आलं असतं, संस्थेला एक निवासी केंद्र बांधता आलं असतं, एखाद्या रिसॉर्टवाल्याला बोलावता आलं असतं. यातलं काहीही केलं असतं, तर पैसा एका दाराने आत गेला असता आणि गाव बाहेरून बघत राहिलं असतं. इथे विकलं गेलं ते राहणं आणि जेवण. कासव विकायला काढलंच नाही. पिल्लं निघाली नाहीत म्हणून कोणी पैसे परत मागू शकत नाही, कारण पैसे पिल्लांचे घेतलेलेच नसतात. पाहुण्याला चहा मिळाला, पोहे मिळाले, दुपारी भात-आमटी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आणि घरवालीच्या अंगात उमेद असेल तर उकडीचे मोदक. घरं बहुतेक शाकाहारी. समुद्रकाठी येऊन मासे नाहीत म्हणून हिरमुसलेले पाहुणे मी पाहिले आहेत. मोदकाच्या दुसऱ्या वाढीपर्यंत त्यांची तक्रार टिकत नाही.

अंड्यांचा हिशेबही असाच बदलला. एक घरटं विकून एका माणसाला एकदाच थोडे पैसे मिळायचे. तेच घरटं कुंपणात राहिलं तर त्याच्या नावाने अर्ध्या गावाच्या पडवीत पाहुणे येतात. अंडी उचलणाऱ्याच्या मागे वनरक्षकाने लागण्याची गरज कमी झाली, कारण त्याच्यावर शेजारणीची नजर होती. कायद्याला तीस वर्षांत जमलं नाही ते मोदकांनी केलं असं मी म्हणणार नाही. कायदा नसता तर कुंपण घालायला आधारच नसता. पण कायदा घराघरात पोचला तो स्वयंपाकघरातून.

एक गोष्ट या कौतुकात नेहमी सुटते. कासवमित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहाटे काठी घेऊन निघालेला पुरुष येतो, वर्तमानपत्रात फोटोही त्याचाच. शनिवार-रविवारी एकेका घरात पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक कोण करतं? मी उतरलो होतो तिथल्या काकू पहाटे साडेचारला उठत होत्या आणि रात्री अकराला भांडी पालथी घालत होत्या. मी विचारलं, ‘‘काकू, तुम्ही कधी पिल्लं बघायला जाता की नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘एकदा गेले होते. सगळी गर्दी मेली. मग म्हटलं, कासवं काय, घरी फोटोत पण दिसतात.’’ आणि पुढच्या पंगतीसाठी नारळ खवायला बसल्या. महोत्सवाचं मूल्यमापन करताना पिल्लांची संख्या मोजतात, पाहुण्यांची मोजतात. पोळपाटामागचे तास अजून कुणी मोजलेले मी वाचलेले नाहीत.

टोपलीचा पेच

समुद्री कासवाची पिल्लं निसर्गात बहुतेक रात्री बाहेर येतात. वाळू थंड झाली की वर सरकायला लागतात आणि अंधारात एकदम निघतात. पोटात अंड्यातल्या बलकाची शिल्लक असते. त्या शिदोरीवर किनारा पार करायचा, लाटा फोडायच्या आणि पहिला दिवसभर न थांबता खोल पाण्याकडे पोहत राहायचं. बाहेर आल्याबरोबर अंगात येणारा तो जोर काही तासच असतो. अडकून धडपडत राहिलं तर तो जागच्या जागी खर्च होतो.

आता महोत्सवाची वेळ पाहा. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. रात्री दोनला वर आलेलं पिल्लू सातपर्यंत टोपलीखाली. ही तडजोड आहे, पण समजण्यासारखी: उजेड कोवळा असतो, वाळू गार असते, पाच तासांत फार नुकसान होत नसावं, आणि माणसाच्या नजरेखाली सोडल्यामुळे कावळ्या-कुत्र्यांपासून तरी पिल्लू वाचतं. खरा पेच सकाळी आठला वर आलेल्या पिल्लाचा. त्याला लगेच सोडलं तर तापलेली वाळू आणि घारी. संध्याकाळपर्यंत सावलीत ठेवलं तर त्याची शिदोरी झिजते. आणि याहून नाजूक, न बोलला जाणारा पेच शनिवारचा. शुक्रवारी रात्री निघालेली पिल्लं शनिवारी सकाळी सोडायची आहेत. संध्याकाळी चार बस येणार आहेत. थोडी मागे ठेवली तर?

हा मोह मी कल्पनेतून सांगतो आहे, वेळासवर आरोप करत नाही. मी गेलो त्या दोन दिवसांत जेवढी निघाली तेवढी, निघाली त्याच पाळीत सोडली, म्हणून तर तीनच दिसली. पण माझ्या मते कुठल्याही कासव महोत्सवाची खरी परीक्षा त्या टोपलीखाली होते. ज्या दिवशी आयोजकाला वाटेल की लोकांनी पैसे दिलेत, त्यांना काहीतरी दाखवायला हवं, त्या दिवशी टोपली पिल्लांसाठी उरत नाही, प्रेक्षकांसाठी होते. पैसा कोणत्या दाराने आला हा मुद्दा इथे येऊन भिडतो. जेवणाचे पैसे घेतलेला माणूस ‘आज नाहीत’ म्हणू शकतो. तिकिटाचे पैसे घेतलेल्याला ते सांगायला जड जातं.

बाकी नियम त्या मानाने सोपे आणि आता जवळजवळ सगळ्यांना पाठ आहेत. दोरीच्या पुढे यायचं नाही. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. निसर्गात पाण्यावरचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं आणि त्यावरूनच त्यांना दिशा कळते. पिल्लू उचलून पाण्यात सोडायचं नाही, ते चालतच जाणार. त्याच्या वाटेत पावलांचे खळगे ठेवायचे नाहीत. चार सेंटिमीटरच्या जिवाला माणसाच्या टाचेचा खळगा म्हणजे विहीर. त्या संध्याकाळी तिसरं पिल्लू पडलं तो खळगा कुणाच्या तरी टाचेचाच होता. माझा नसावा अशी आशा आहे, खात्री नाही.

दोन वाईट वर्षं

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली, म्हणजे पिल्लांच्या ऐन हंगामात. पिल्लं निघत राहिली, पाहायला कोणी नव्हतं. त्यावर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं, आणि वेळास तिथून कावळ्याच्या वाटेने अगदी जवळ. या पट्ट्यात नारळ मोडले, पोफळी आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले. पोफळीचं नवं रोप सुपारी धरायला पाच-सात वर्षं घेतं. वाडीचं उत्पन्न आणि पाहुण्यांचं उत्पन्न एकाच वर्षी, तीन महिन्यांच्या आत गेलं. पुढच्या हंगामावरही करोनाची सावली होतीच.

पर्यटनावर उभं केलेलं संवर्धन पर्यटन थांबलं की कोसळतं, असा एक आक्षेप अभ्यासक नेहमी घेतात, आणि तो चुकीचा नाही. वेळासला ते कोसळलं नाही, याचं श्रेय मात्र महोत्सवाला देता येणार नाही. तोवर किनाऱ्यावरच्या कामात वनविभाग आणि त्याच्या कांदळवन कक्षाशी जोडलेलं कांदळवन प्रतिष्ठान उतरलेलं होतं. पहाटेची फेरी पाहुण्यांच्या पैशावर अवलंबून नव्हती. महोत्सवाने गावाचं मन राखलं आणि सरकारी यंत्रणेने फेरी राखली. दोन्ही एकाच खुंटीला टांगलेलं नव्हतं, म्हणून निभावलं. मासेमारांच्या बाबतीतही डिसेंबर २०१८ पासून अशीच सोय आहे. जाळ्यात कासवासारखा संरक्षित जीव सापडला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. किनाऱ्यावर शंभर पिल्लं सोडायची आणि समुद्रात मोठी मादी जाळ्यात गुदमरू द्यायची, या हिशेबात कासवाचं नुकसानच आहे. पिल्लू मोठं होऊन परत येण्याची शक्यता ढोबळमानाने हजारात एक सांगतात. ती एक मादी म्हणजे आधीची हजार पिल्लं.

इतर किनारे

वेळासचं पाहून दापोली तालुक्यात आंजर्ल्याला महोत्सव सुरू झाला, आणि तोही जमला. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला ‘कासव जत्रा’ भरली. महोत्सवापेक्षा हा शब्द मला जास्त आवडतो, जत्रेत देव आणि भजी दोन्ही असतात. गुहागरला तर घरटी वेळासपेक्षा कितीतरी जास्त. पण नक्कल करताना दिसतं ते उचललं जातं: दोरी, टोपली, सात-सहाची वेळ, पोस्टरवरचं पिल्लू. रिकाम्या खोल्या, जेवणाचे पैसे, ‘आज नाहीत’ म्हणण्याची मोकळीक पोस्टरवर दिसत नाही. जिथे किनाऱ्यालगत हॉटेलं आधीच उभी आहेत तिथे महोत्सवाचा पैसा कुठे जाणार, हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही.

गोव्यात मोरजीला हाच क्रम उलटा झाला. तिथेही कासवं येतात, वनखातं घरटी राखतं, किनाऱ्याचा तुकडा राखीव आहे. पण खाटा, शॅक, दिवे आणि संगीत आधीपासून भरात होतं, आणि कासवाला त्यांच्या मधून जागा काढून द्यावी लागली. दक्षिणेला गालजीबागेत गर्दी कमी, तिथे हा ताणही कमी. वेळासला कासव आधी आलं, पाहुणा मागून. यात योजनेइतकाच नशिबाचाही वाटा आहे, कारण फेरीबोटीच्या पलीकडच्या गावात तोवर कोणाला हॉटेल काढावंसं वाटलेलंच नव्हतं. खाडीवर पूल झाला आणि गाडी थेट आली तर काय, हा प्रश्न गावातही निघतो. काहींना त्यात धंदा दिसतो, काहींना दिव्यांची रांग दिसते.

प्रथमा आणि तिच्या मागून

२५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं गेलं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असं यंत्र पहिल्यांदाच लागत होतं, म्हणून तिचं नाव प्रथमा. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानचं हे काम. त्याच हंगामात आंजर्ल्याला सावनी आणि गुहागरला आणखी काही माद्यांना यंत्रं लागली. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेला उतरत कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेकडे गेली. आणि २०२५ मध्ये तर गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ओडिशात २०२१ साली लावलेली ओळखपट्टी निघाली.

पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं बरीच वर्षं धरून चाललेलं होतं. एका पट्टीने सिद्धांत मोडत नाही, पण शंका पक्की होते. गावात या गोष्टीचा परिणाम शास्त्रज्ञांना अपेक्षित नसेल असा झाला. प्रथमा पहिली निघाली ती ‘आमच्या किनाऱ्यावरून’. मुलगी सासरी गेली की ती कुठल्या गावी आहे हे जसं लोक विचारतात, तशी तिची चौकशी व्हायची. नकाशावरचा ठिपका सरकला की चहाच्या टपरीवर बातमी. यंत्रं काही महिन्यांनी बोलायची थांबतात, तशी तीही थांबली. ‘‘बॅटरी गेली असेल,’’ कासवमित्र म्हणाला, ‘‘ती नाही गेली.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एकही पिल्लू नव्हतं. कासवमित्राने चार टोपल्या उचलून परत ठेवल्या. लोक थोडा वेळ समुद्राकडे बघत उभे राहिले आणि पोहे खायला परतले. मी हिशेब चुकता केला आणि पुढच्या वर्षासाठी एक खोली आत्ताच धरून ठेवा म्हणालो, मार्चचा दुसरा शनिवार. काकूंनी वही काढली, पेन हातात धरलं आणि परत ठेवून दिलं.

‘‘तारीख नको आत्ता. पहिलं घरटं कधी मिळतंय ते बघू, दिवस मोजू, मग मीच फोन करेन.’’

मग त्यांनी वहीत माझं नाव आणि नंबर लिहिला आणि तारखेचा रकाना रिकामा सोडला. वरच्या सगळ्या नावांपुढेही तो रिकामाच होता.